न चाखलेलं वांगं

जी भाजी मी स्वतः कधी तोंडात घातली नाही, ती लोकांनी पैसे देऊन घ्यावी म्हणून नोकरीची शेवटची वर्षं मी जिवाचं रान केलं. त्याआधी मी साधं, सरळ बियाणं विकत होते. भेंडी, दोडका, मिरची, टोमॅटो. त्या धंद्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बी उगवलं की शेतकरी तुम्हाला विसरतो आणि नाही उगवलं तर तुमच्या दारात येऊन बसतो. वांग्याचं मात्र सांगायला हवं, कारण ते सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. कंपनीला ते आठवायचं नाही, आणि महाजन सर गेल्या वर्षी मुलीकडे परदेशी गेले.

महाजन सर म्हणजे त्या वांग्याचे जनक. मूळचे जळगावकडचे. सरकारी संशोधन संस्थेतली चांगली नोकरी सोडून ते आमच्या बियाणे कंपनीत आले होते. मी बाजारपेठ विभागात. आमचं घर बंगळूरच्या राजाजीनगरला. सासरचे लोक तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे आमची मराठी कन्नडच्या मांडीला मांडी लावून बसलेली. पहिल्याच भेटीत महाजन सरांनी माझं बोलणं जरा वेळ ऐकलं आणि विचारलं, "रावबाई, तुम्ही मराठी बोलताय की कन्नड?"

"दोन्ही," मी म्हटलं. "एकदम. तुम्हाला पाहिजे ते निवडून घ्या."

तेव्हापासून आमचं जमलं ते जमलं.

आता त्या वांग्यात काय होतं ते सांगते. वांग्याचा मोठा वैरी म्हणजे आतली अळी. ती फळ लहान असतानाच आत शिरते, तिचं भोक बुजून जातं आणि वरून वांगं अगदी गुळगुळीत दिसतं; पोसून बाहेर पडते तेव्हाच काय ते भोक दिसतं. एकदा ती आत गेली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ती आत जायच्या आधीच शेतकरी फवारत सुटतो. फवारतो, दोन-तीन दिवसांनी पुन्हा फवारतो आणि फवारलेलंच तोडून बाजारात पाठवतो. महाजन सरांनी मातीतल्या एका जिवाणूचा गुण वांग्याच्या रोपातच आणून बसवला होता. अळीने कुरतडलं की अळी मरते, फवारायची गरज फारशी उरत नाही. माणसाला त्याचा त्रास नाही असं आमच्या चाचण्या सांगत होत्या. लोकांना वाटणारी भीती मात्र कुठल्या चाचणीत मोजता येत नव्हती. ते काम माझ्याकडे होतं.

सरांना या वांग्याचं एवढं वेड का, हे मला एकदा बंगळूरबाहेर होसकोटेला जाताना गाडीत कळलं. त्यांच्या घरी वांग्याची शेती होती. थोरले भाऊ पाठीवर पंप घेऊन फवारायला जायचे आणि संध्याकाळी आले की डोळे लाल, हाताला आग, ताटावर बसवत नसे. "आणि गंमत सांगू का," सर म्हणाले, "विहिरीजवळ आमच्या आईने वांग्याच्या दोन ओळी वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. त्यांच्यावर कधी फवारायचं नाही. ती वांगी घरच्यासाठी. बाकीची बाजारात. सगळ्या गावात असंच. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मला मात्र लहानपणी बाजारच्या दिवशी फार लाज वाटायची. माझं एवढंच म्हणणं आहे, घरचं आणि बाजारचं वांगं एक असावं."

यानंतर मी त्यांच्याशी त्या वांग्याबद्दल व्यापारी भाषेत बोलले खरी, पण मनातून मी त्यांच्या बाजूला गेले होते. ते पुढे मला जड गेलं.

होसकोटेच्या पुढे नीलगिरीच्या झाडांच्या आड आमचं चाचणीचं शेत होतं. चहूबाजूंनी जाळीचं कुंपण, कुलूप, आसपास दुसरं वांगं लावायचं नाही. आत दोन जाती होत्या. एक लहान जांभळं, बंगळूरच्या एण्णेगायीसाठी, म्हणजे आपल्या भरल्या वांग्याच्या इथल्या बहिणीसाठी. ते कंपनीला हवं होतं. दुसरं मोठं, फिकट हिरवं, खानदेशी भरताचं. ते फक्त महाजन सरांना हवं होतं. इथे त्याला गिऱ्हाईक मिळणार नाही असं मी लिहून दिलं होतं आणि त्यांनी ते सरळ दुर्लक्षिलं होतं.

सरकारची मंजुरी मिळेपर्यंत त्या कुंपणातलं एकही फळ बाहेर जाऊ द्यायचं नाही, एकही खायचं नाही, असा नियम. तोडायचं, मोजायचं, कापून बघायचं, आणि मग सगळं खड्ड्यात घालून जाळायचं. शेतावरचे मुकादम मुनिराजप्पा हे सगळं अगदी निष्ठेने करायचे, पण पहिल्या हंगामात त्यांचा जीव तुटायचा. "अक्का, इतकं छान बदनेकायी," ते वांगं हातात धरून मला म्हणायचे, "एक घरी नेलं तर देव रागावेल का?"

"देव नाही, सर रागावतील," मी म्हणायचे.

सर खरोखरच रागावले असते. ते स्वतः त्या वांग्यांच्या इतके जवळ असून त्यांनी कधी एक फोड जिभेवर ठेवली नाही. मुनिराजप्पांच्या बायकोने डब्यात बाजारची वांगी आणली तरी सर तिला ती कुंपणाबाहेर बसून खायला लावत. "परवानगी मिळाली ना," ते म्हणायचे, "की पहिल्या तोडीचं भरीत मी करणार. कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजणार, लाकडी बडगीत ठेचणार. सगळ्यांनी यायचं. रावबाई, तुम्ही भाकरी आणा." मी म्हणायचे, भाकरी आमच्याकडे होत नाही, मुद्दे चालेल का? मुद्दे म्हणजे नाचणीचा गोळा. त्यावर ते असं तोंड करायचे की बघत राहावं.

बाजार चाचपायला मी सुरुवात केली ती घरापासून, आणि घरातच हरले. आमचे यजमान गोविंदराव रोज सकाळी राजाजीनगरच्या मंडईत जातात आणि भाजी निवडण्यात आपला हात धरणारा कुणी नाही असं त्यांचं ठाम मत आहे. एके दिवशी पिशवी ओतली तर निम्म्या वांग्यांना भोकं.

"हे काय आणलंत?"

"स्वल्प डोकं लाव," ते म्हणाले. "भोक आहे म्हणजे आत अळी होती. अळी होती म्हणजे विष मारलेलं नाही. गुळगुळीत वांगं घ्यायचं नसतं, ते औषधात बुडवलेलं असतं. सरी, बरोबर ना?"

मी कपाळाला हात लावला. मग मुद्दाम मंडईत उभी राहून बघितलं, तर चार शहाणी माणसं तसंच करत होती आणि भाजीवाल्या बायका एखादं किडकं वांगं ढिगावर दिसेलसं ठेवत होत्या. म्हणजे आमच्या वांग्याचा गुण असा की त्यावर फवारलेलं नाही, आणि तो गुण डोळ्यांना दिसत नाही. दिसतं काय, तर एकही भोक नाही. आणि ते बघून गिऱ्हाईक म्हणणार, बाई गं, किती फवारलंय! अशी वस्तू विकायची कशी, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

दुसरी अडचण निखिलने सांगितली. निखिल पुण्याचा, मोठ्या दुकानांच्या एका साखळीसाठी भाजीची खरेदी बघायचा. गोड मुलगा, पण त्याच्या मराठीत क्रियापदंच काय ती मराठी. "मॅडम, प्रॉडक्ट सुपर आहे," तो म्हणाला. "पण मी लेबलवर काय लिहू? जनुक बदललेलं लिहिलं तर कस्टमर हात लावणार नाही. नाही लिहिलं तर मी चीटिंग करतोय. आणि हे वांगं दुसऱ्या वांग्यात मिक्स व्हायला नको, म्हणजे सेपरेट क्रेट, सेपरेट ट्रक, सेपरेट शेल्फ. बासमती असता तर जमवलं असतं. वांग्यासाठी कोण एवढा खर्च करणार?"

मी म्हटलं, अरे, तू अंगात घातलेला शर्ट बहुतेक अशाच कपाशीचा आहे.

"शर्ट मी खात नाही ना, मॅडम."

पण निखिलने दार बंद केलं नाही. तो म्हणाला, सर्जापूर रोडला त्यांच्या दुकानाला लागून एक मोठी वसाहत आहे, सगळे शिकलेले, कंपन्यांमधले लोक. तिथल्या सभागृहात एक कार्यक्रम करा. लोक ऐकतात, प्रश्न विचारतात, हो म्हणतात असं मला दिसलं, तर मंजुरी आल्यावर मी पहिली मागणी देईन. आमच्या वरच्या साहेबांना एवढं पुरेसं होतं. अशा मागणीचा शब्द मिळाला तर पुढच्या हंगामाचे पैसे मंजूर, नाहीतर प्रकल्प बंद, असं त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं.

सरांनी तयारी मुलीच्या लग्नासारखी केली. पण खायला काय द्यायचं? आमचं वांगं तर कुंपणाबाहेर काढायला बंदी. मग ठरलं की ज्या मूळ जातीत तो गुण घातला, ती साधी, जुनी, हिरवी जात बाहेर वेगळ्या शेतात लावायची आणि तिचं भरीत द्यायचं. चव तीच. लोकांना सुरुवातीलाच सांगायचं, हे साधं वांगं आहे, नवं असंच लागेल. सरांनी आणखी एक अट घातली. या साध्या वांग्यावर अजिबात फवारायचं नाही. "आपण फवारणी कमी करा म्हणून सांगायला जाणार आणि फवारलेलं खाऊ घालणार? तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. एवढी चांगली गोष्ट होती की तिच्यात खोट काढायला कुणाला सुचलं नाही.

कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. सभागृह भरलेलं, लहान मुलं पळतायत, निखिल मागच्या रांगेत हाताची घडी घालून. मी सुरुवातीलाच सांगितलं, दोनदा सांगितलं, की हे साधं वांगं आहे. माना डोलल्या. सर अर्धा तास छान बोलले. मिसेस कुलकर्णी म्हणून एक बाई होत्या, वसाहतीच्या कमिटीवर. त्यांनी सगळ्यात अवघड प्रश्न विचारले आणि सरांनी एकही टाळला नाही. काही प्रश्नांना ते "हे अजून आम्हाला माहीत नाही" म्हणाले, तेव्हा लोकांना ते आवडलं असं मला स्पष्ट दिसलं. मला वाटलं, जिंकलो.

मग भरीत. शेगडीवर जाळी ठेवून सर स्वतः उभे राहिले. आमचा आचारी सवयीने वांग्याला चीर द्यायला लागला, आत अळी आहे का बघायला. कुठल्याही घरात बाई हेच करते. सरांनी त्याचा हात धरला. "चिरायचं नाही! आमच्या वांग्याला चिरून बघावं लागत नाही. अख्खं भाजायचं, हीच तर त्याची मजा."

आणि मी शेजारी उभी राहून कौतुकाने हसत होते. आम्ही दोघंही इतकी वर्षं कुंपणातली वांगी कापून बघत आलो होतो, आणि त्यात अळी निघत नाही हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की जाळीवरचं वांगं ते नव्हेच, हे आमच्या डोक्यातून साफ निघून गेलं. ज्याला आम्ही फवारलंही नव्हतं आणि ज्यात तो गुणही नव्हता, ते साधं, बिचारं वांगं आम्ही न चिरता भाजत होतो.

सरांनी पहिलं वांगं सोललं, मोठ्या परातीत ठेवलं, वाफ आली, लसणाचा वास सुटला, लोक पुढे सरकले. मिसेस कुलकर्णींना पहिला मान. त्यांनी चमच्याने वांगं उलगडलं आणि चमचा तिथेच थांबला.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "धिस इज... अळी आहे ना ही?"

भाजलेली, पांढरी, चांगली पोसलेली अळी होती.

मी धावले. "अहो, हे ते वांगं नाही, हे साधं वांगं आहे, मी मघाशी सांगितलं ना..."

"मग आम्हाला तुम्ही नेमकं काय खायला घालताय?" मागून कुणीतरी विचारलं. प्रश्न रास्त होता. जितकं समजावून सांगावं तितकं आम्ही काहीतरी लपवतोय असं वाटत होतं. मी काही फार शांत राहिले नाही. एका गृहस्थांना तर मी म्हटलं की तुम्ही सुरुवातीला फोनमध्ये डोकं घातलं नसतं तर तुम्हाला कळलं असतं. त्याचाही उपयोग झाला नाही. फोटो निघालेच होते. सभागृहातून आम्ही खाली येईपर्यंत वसाहतीच्या ग्रुपवर फोटो फिरत होता आणि खाली ओळ होती, "अळी न लागणाऱ्या वांग्यातली अळी." मिसेस कुलकर्णींनी खाली लिहिलं होतं की हे साधं वांगं होतं आणि असं पसरवणं बरोबर नाही. त्यांचं मी आजही नाव काढते. पण फोटोपुढे मजकूर कोण वाचतो?

आम्ही गाडीत बसलो. मग सरांना हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम. "रावबाई, माझ्या आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, एवढा शिकला आणि वांगं चिरून बघायला विसरला."

निखिलचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "मॅडम, मला सगळं क्लिअर आहे, तुमची चूक नाही. पण मी आता नाही घेऊ शकत. सॉरी."

साहेबांनी बैठक बोलावली. त्यांनी मला सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही बाजार ओळखता. हे वांगं मंजुरी मिळाली तर विकलं जाईल का? हो की नाही?" सर माझ्या समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. मी हो म्हणाले असते तर आणखी एक हंगाम मिळाला असता. मला फार वाटत होतं हो म्हणावं. पण मला गोविंदरावांची भोकं पडलेली वांगी दिसत होती, निखिलची क्रेटं दिसत होती, आणि सरांना मी अजून एक हंगाम खोटी आशा दाखवतेय हेही दिसत होतं.

"आज नाही," मी म्हटलं. "कधीतरी विकलं जाईल. आज नाही."

बाहेर आल्यावर मी जिन्यातच उभी राहिले. सरच आले आणि म्हणाले, "चला, कॉफी पाजा. नाही म्हणायला तुम्हाला किती त्रास झाला ते बघितलं मी. माझ्या वांग्यासाठी खोटं बोलला असतात तर मला ते वांगं गोड लागलं नसतं." मी रडले. ते म्हणाले, "आता कन्नडमध्ये रडू नका, मला कळत नाही." अशी माणसं कामाला मिळाली म्हणून तेवढी वर्षं मी त्या कंपनीत टिकले, पगारासाठी नव्हे.

प्रकल्प बंद करायचा तरी नियम होतेच. शेतातलं सगळं, फळं, झाडं, मुळं, पूर्ण जाळायचं. राख होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मला जायची गरज नव्हती, पण मी गेले. हिरवी वांगी तेव्हा नेमकी भरात होती. इतकी सुंदर की हात लावावासा वाटत नव्हता. मुनिराजप्पा आणि त्यांच्या माणसांनी टोपल्या भरभरून खड्ड्यात रिकाम्या केल्या, वर नीलगिरीच्या फांद्या रचल्या आणि पेटवलं.

आधी नुसता नीलगिरीचा धूर आला. मग हळूहळू त्याच्या खालून दुसरा वास वर आला. वांगं भाजल्याचा वास. साल जळते, आतला गर फुगतो आणि पाणी सुटून निखाऱ्यावर चुरचुरतं, तो अगदी घरच्या चुलीचा वास. आजवर तोड झाली की आधी सगळी फळं उभी कापायची आणि मगच खड्ड्यात जायची. अख्खी वांगी त्या शेतात प्रथमच भाजली जात होती. मुनिराजप्पांनी डोक्याचा टॉवेल काढून नाकाशी धरला आणि लगेच खाली घेतला.

"नीलगिरी लागते," सर म्हणाले. "पऱ्हाटी हवी होती." पण ते खड्ड्याच्या अगदी काठाशी गेले होते, डोळे मिटून, मान थोडी वर करून. वास घ्यायला कुठल्याच नियमात बंदी नव्हती.

थोड्या वेळाने आतून फुटल्यासारखा आवाज झाला, एक साल तडकली असावी. सरांनी डोळे उघडले, आत वाकून बघितलं आणि अगदी सहज, स्वयंपाकघरात सांगावं तसं मुनिराजप्पांना म्हणाले,

"झालं बघा. आता उतरवा."

मुनिराजप्पांनी हातातली काठी पुढेही केली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काठी मागे घेतली.

ती वांगी राख होईपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे होतो.